गार होऊ दे

मी ज्या तंत्रनिकेतनातून रडतखडत डिप्लोमा मिळवला, त्या संस्थेला गेल्या वर्षी अचानक माझी आठवण झाली. शिकत होतो तेव्हा तिथल्या एकाही सरांना माझं नाव धड आठवत नसे. आता पत्रावर 'आदरणीय' होतं. स्मरणिका काढायची होती. विषय त्यांनीच दिला होता. वीस वर्षांचे तुम्ही आज समोर आलात, तर आयुष्याच्या आणि नोकरीच्या कोणत्या दहा गोष्टी त्याला सांगाल? सोबत फोटो हवा होता, शक्यतो हसरा.

वीस वर्षांचा मी मला चांगला आठवतो. खिशाला चार पेनं, बोटाभोवती फिरणारी सायकलची किल्ली, आणि नाशिकजवळच्या अंबडच्या एमआयडीसीतले सगळे कारखाने आपण येईपर्यंत कसेबसे तग धरून आहेत अशी ठाम समजूत. त्याला कुणी दहा गोष्टी सांगायला गेलं असतं, तर त्याने दुसऱ्या गोष्टीला घड्याळ पाहिलं असतं. तरीही मी लिहायला बसलो. हल्ली मला उपदेशाची सवय आहे. अर्ध्या तासात दहा गोष्टी कागदावर उतरल्या. चहा घेतला, वाचून पाहिलं, आणि लक्षात आलं की दहाच्या दहा वाक्यं खैरनार नानांची आहेत. मी त्या वाक्यांना फक्त टाय बांधला होता.

म्हणजे वीस वर्षांच्या मला हे सगळं त्याच वेळी, रोज आठ तास, फुकटात सांगितलं गेलं होतं. त्याने ऐकलं नव्हतं, एवढंच.

नाना आमच्या कंपनीत इन्स्पेक्टर होते. आम्ही पंपांचे शाफ्ट, म्हणजे आत फिरणारे लोखंडी दांडे, बनवायचो. लेथ मशीनवर नव्या मापाची जोडणी झाली की पहिला शाफ्ट नानांच्या टेबलावर यायचा. नाना तो मोजणार, कार्डावर शिक्का मारणार, मग पुढचे चारशे निघणार. प्रत्येक इन्स्पेक्टरला आपापल्या नंबरचा शिक्का असे. नानांचा सात नंबर. तो ते शर्टाच्या खिशात ठेवत आणि खिशाला वरून सेफ्टीपिन लावत. जेवताना मधेच हात खिशाकडे जाई, पिन जागेवर आहे ना हे बघायला. लोक देवाचा टाकही इतका जपत नाहीत.

मूळचे सटाण्याकडचे. त्रिमूर्ती चौकाच्या मागे सिडकोच्या घरात राहायचे, सायकलने यायचे. बोलणं गावाकडचं, आणि चिडले की थेट अहिराणी. मला त्यांनी नावाने हाक मारल्याचं आठवत नाही. मी 'डिप्लोमा'.

पहिल्याच दिवशी मी लेथवरून उतरलेला शाफ्ट मायक्रोमीटरने मोजला आणि आकडा तिसऱ्या दशांशापर्यंत खणखणीत सांगितला. टाळ्या पडल्या नाहीत. नानांनी शाफ्ट माझ्या हातातून घेतला, पिवळ्या फडक्याने पुसला आणि टेबलावरच्या काळ्या ग्रॅनाइटच्या दगडावर ठेवून दिला.

"गार होऊ दे."

"नाना, मोजून झालाय."

"गरम हाय तो. गरम लोखंड फुगतं. शाळेत नाय शिकवलं?"

"शिकवलंय. पण असा किती फरक पडणार?"

"काय घाई शे तुले? बठ."

बसलो. नानांनी मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवलं. दहा मिनिटांत त्यांनी माझं गाव विचारलं, वडील एकलहऱ्याच्या वीज केंद्रात आहेत हे काढून घेतलं, आणि तिथल्या कोळशाने वाळत घातलेल्या कपड्यांचं काय होतं याचीही चौकशी केली. मग पुन्हा मोजायला लावलं. आकडा बदलला होता. केसाच्या जाडीपेक्षाही कमी फरक, पण बेअरिंग शाफ्टवर घट्ट बसणार की सैल फिरणार हे तेवढ्यावर ठरतं.

"मघाशी खोटं कोण बोललं?" नानांनी विचारलं. "पीस, का तू?"

हा माणूस इथे असेपर्यंत कंपनीची प्रगती होणार नाही, असं मी त्या दिवशी घरी सांगितलं.

कारखान्यात त्यांना 'कूलंट नाना' म्हणत. कूलंट म्हणजे लोखंड कापताना त्याच्यावर सोडतात ते दुधासारखं पाणी. नानांचं 'गार होऊ दे' शाफ्टपुरतं नव्हतं. बोनसची अफवा आली, गार होऊ दे. युनियनचे दोन नेते गेटवर एकमेकांची कॉलर धरून उभे राहिले, गार होऊ दे. थोरल्या मुलीला ओझरच्या विमान कारखान्यातल्या मुलाचं स्थळ आलं, सगळं घर पेढे आणायला निघालं, तर नाना म्हणाले गार होऊ दे. आणि पुढे ते लग्न झालंही. डिसेंबरात मात्र ते खुश असत. नाशिकच्या थंडीत पीस सात मिनिटांतच गार होतो, असं ते जणू स्वतः थंडी पाडल्यासारखं सांगत.

एकदा साहेबांनी मला सगळ्या कामगारांसमोर झापलं. चूक माझी होती, पण ती गोष्ट दुय्यम. मी तडक राजीनामा लिहिला. दोन पानं, इंग्रजीत, त्यात स्वाभिमान, प्रतिभा आणि गुदमरणे हे तिन्ही विषय हाताळले होते. वाट अडवून नाना उभे.

"काय शे ते?"

"राजीनामा."

त्यांनी कागद घेतला, न वाचता काळ्या दगडावर ठेवला आणि वर एक शाफ्ट ठेवला.

"कागद लवकर गार होत नाय. उद्या ये."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तो माझ्या हातात दिला आणि मोठ्यानं वाचायला सांगितलं. मी पहिला परिच्छेद वाचला. दुसऱ्यात माझे कान तापले. तिसऱ्यात मी स्वतःची तुलना पिंजऱ्यातल्या गरुडाशी केली होती, तिथे थांबलो. मी कागद फाडून कचऱ्याच्या ड्रममध्ये टाकला, तेव्हा नाना म्हणाले, "तेलकट ड्रममध्ये कागद टाकू नको, आग लागते."

त्याच सुमारास कंपनीने आमचं व्यक्तिमत्त्व विकसित करायचं ठरवलं. मुंबईहून एक वक्ते आले. कॅन्टीनमधली टेबलं बाजूला सारून आम्हाला सतरंजीवर बसवलं. वक्त्यांनी सगळ्यांना मुठी आवळून 'मी जिंकणार' असं तीनदा ओरडायला लावलं. मी सर्वांत मोठ्यानं ओरडलो, याची नोंद व्हावी. नानांनी हात वर केला.

"कोणाला हरवायचं हाय ते ठरलंय का?"

वक्ते हसले. मग म्हणाले, "काका, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता?"

"सिडकोत. घर तठेच शे."

सगळं कॅन्टीन खदखदलं. माझ्या वहीत तेव्हा पाच वर्षांचा, दहा वर्षांचा आणि पंधरा वर्षांचा असे तीन आराखडे होते, वेगवेगळ्या रंगांच्या पेनांनी. मला नानांची कीव आली. बघा, काही ध्येयच नाही.

खंडेनवमीला आमच्याकडे मशीन पुसून, झेंडूच्या माळा घालून पूजा होई. नाना टेबलावर पिवळं कापड अंथरत. त्यावर मायक्रोमीटर, व्हर्निअर, सात नंबरचा शिक्का, आणि शेजारी तेल लावून जपलेला एक शाफ्ट. सगळ्यांना कुंकू, सगळ्यांना एकेक फूल.

"हा शाफ्ट कशाला?" मी विचारलं.

"हा माझा. नवा इन्स्पेक्टर व्हतो. सुट्टीचा भोंगा व्हायला आला व्हता, गरम मोजला, पास केला. अख्खा लॉट परत आला."

"म्हणजे चुकीची पूजा?"

"मायक्रोमीटर चुकत नाय. त्याला नुसतं फूल. याला नमस्कार." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "तुझा पीस कुठं हाय?"

"माझा नाहीये अजून."

"होईल," नाना म्हणाले. नव्या नवरीला आशीर्वाद द्यावा तसा सूर होता.

सत्त्याण्णवच्या एप्रिलमध्ये सुपरवायझरची जागा निघाली. नाना एकवीस वर्षं लोखंडी स्टुलावर बसत आले होते. कंबर कामातून गेली होती. उठताना टेबलाच्या कडेला धरून आधी अर्धं उठत, थांबत, मग उरलेलं उठत. सुपरवायझरच्या केबिनमध्ये खुर्ची होती. "बाकी काय बदलतं ते माहीत नाय," नाना मला म्हणाले, "पण त्या खुर्चीला हात हायेत." नानांना काही हवंय असं मी ऐकलं ते एवढंच.

मुलाखत सकाळी दहाला, वर मोठ्या साहेबांच्या ऑफिसात होती. नाना इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. जायला निघाले आणि नेमका लेथवरच्या नव्या जोडणीचा पहिला शाफ्ट आला. मशीन चालवणारा गायकवाड स्वतः घेऊन आला होता. माल निघायची घाई होती. नानांनी एकदा जिन्याकडे पाहिलं, एकदा शाफ्टकडे. मग सेफ्टीपिन काढली आणि शिक्का माझ्या तळहातावर ठेवला. मी तेव्हा ट्रेनी होतो, मला स्वतःचा शिक्का नव्हता, आणि सात नंबर दुसऱ्या कुणाच्या हातात मी कधी पाहिला नव्हता.

"आधी गार होऊ दे. मग मोज. मग मार. दहा मिनिटं."

नाना गेले. शाफ्ट दगडावर ठेवला. गायकवाड या पायावरून त्या पायावर होत उभा होता. "साहेब, मशीन उभी हाय," तो म्हणाला.

मला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी साहेब म्हटलं होतं. असं म्हटल्यावर माणूस दहा मिनिटं थांबतो होय? एप्रिलचा उन्हाळा, शाफ्ट इतका तापलेला की फडक्यात धरावा लागत होता. मोजला. आकडा अगदी खालच्या कडेला होता, पण हद्दीच्या आत. शिक्का मारला. सगळं मिळून मिनिटभर लागलं. कंपनीची नऊ मिनिटं मी वाचवली होती आणि जुन्या लोकांच्या अंधश्रद्धा कशा मोडायच्या याचा तो नमुना होता.

नाना परत आले, शिक्का घेतला, पिन लावली. "गार केला व्हता?"

"केला," मी म्हणालो.

हा शब्द स्मरणिकेच्या मसुद्यात नव्हता.

तीन आठवड्यांनी चारशेच्या चारशे शाफ्ट ट्रकमधून परत आले. गार झाल्यावर सगळे बारीक भरले होते. बेअरिंग त्यांच्यावर बांगड्यांसारखी फिरत होती. सुपरवायझरचा निकाल अजून लागायचा होता, आणि माझं कायम नोकरीचं पत्र दोन महिन्यांवर आलं होतं. आम्हा दोघांना वर बोलावलं.

मोठ्या साहेबांनी कार्ड पुढे सरकवलं. "शिक्का कोणाचा?"

"माझा," नाना म्हणाले.

"गरम मोजलात? तुम्ही?"

नानांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. पीस दगडावर ठेवल्यावर ते घड्याळाकडे पाहत तसं, वाट बघत. मी माझ्या बुटांकडे पाहत होतो. इतके सुंदर बूट मी त्याआधी आणि नंतरही पाहिले नाहीत. एक शिवण, दुसरी शिवण, नाडीची पाच भोकं. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं, फक्त ते बाहेर येत नव्हतं. पंखा फिरत होता. कायम नोकरीचं पत्र कसं दिसतं, त्याला कंपनीचा लोगो कोणत्या कोपऱ्यात असतो, तेही मला दिसत होतं.

"गरम मोजला गेला, साहेब," शेवटी नाना म्हणाले. "शिक्का माझा हाय."

गायकवाडला कुणी विचारलंच नाही.

जिन्यात मी त्यांना गाठलं. "नाना, मी..."

"आता नको," ते एकेक पायरी धरून उतरत म्हणाले. "गार होऊ दे."

नानांची आज्ञा मी आयुष्यात एकदाच इतकी तंतोतंत पाळली. मी गार होऊ दिलं. एक महिना, मग दोन. जूनमध्ये मला कायम केल्याचं पत्र मिळालं, त्यात 'आपली सचोटी लक्षात घेऊन' असे शब्द होते. ते पत्र आमच्या घरी अजून लॅमिनेट केलेलं आहे. सुपरवायझर म्हणून बाहेरून कुणीतरी आला आणि हातांच्या खुर्चीत बसला. नानांनी शिकवणं थांबवलं नाही; मायक्रोमीटर कसा धरायचा, ऑपरेटरशी वाद कसा घालायचा नाही, सगळं पूर्वीसारखं. फक्त 'गार केला व्हता?' हा प्रश्न त्यांनी मला पुन्हा कधी विचारला नाही. त्याची मला सवय होऊन गेली.

दोन हजार दोनमध्ये कंपनीने स्वेच्छानिवृत्ती काढली. स्वेच्छा कुणाची, ते विचारायचं नसतं. नानांना शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. निरोपाचं भाषण मी केलं. चांगलं झालं होतं. मग मला माझा शिक्का मिळाला, मग केबिन, मग खुर्ची. तिला हात आहेत आणि ती गोल फिरते. मी कॉलेजांमधून व्याख्यानं देतो. माझ्या चौथ्या स्लाइडवर 'चूक लगेच मान्य करा' असं लिहिलेलं आहे आणि मागे सूर्योदयाचं चित्र आहे.

तर ती दहा वाक्यं वाचली आणि मला लाज वाटली. जरा उशिरा वाटली, पण खरी वाटली. खंडेनवमी दोन दिवसांवर होती. त्या दिवशी नाना घरी असणार हे नक्की. त्रिमूर्ती चौकात झेंडूचे ढीग लागले होते. अर्धा किलो फुलं घेतली आणि गेलो.

नाना वाळले होते. प्लास्टिकच्या हातांच्या खुर्चीत बसले होते. मला पाहून अर्धे उठले, थांबले, आणि पुन्हा बसले. "ये डिप्लोमा," म्हणाले, जणू मी काल सुट्टी घेतली होती. काकूंनी पाणी आणलं आणि चहा टाकायला आत गेल्या.

कोपऱ्यातल्या टेबलावर पिवळं कापड होतं. त्यावर त्यांचा जुना मायक्रोमीटर. शेजारी तेल लावून पुसलेले दोन शाफ्ट. दोघांना कुंकू, दोघांना फूल.

"दोन?" मी विचारलं.

"एक माझा," नाना म्हणाले. "दुसरा तुझा. परत आलेल्या ट्रकातला. तू येशील म्हणून ठेवला व्हता. दर साली कुंकू लावतो, मालक येत नाय."

"नाना, त्या दिवशी वर साहेबांच्या ऑफिसात मी..."

"आधी मोज."

त्यांनी मायक्रोमीटर माझ्या हातात दिला. मी शाफ्ट उचलला. चांगला थंडगार होता. कुंकू पुसलं, जबडा लावला, हळूच आवळला. मी आता गुणवत्ता प्रमुख होतो, तरी पुन्हा मोजला.

"किती?"

"कमी आहे. हद्दीच्या खाली."

"मारशील शिक्का?"

"नाही." मग ते बाहेर आलं. "गरम होता, नाना. मी थांबलो नाही. तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोललो, आणि साहेबांसमोर गप्प बसलो. तुमची खुर्ची माझ्यामुळे गेली."

"माहीत हाय," नाना म्हणाले. "शिक्का मी दिला, ती चूक माझी. बाकीची कोन बोलतं ते बघत व्हतो."

"मी जिन्यात सांगणार होतो. तुम्हीच म्हणालात, गार होऊ दे. म्हणून मी..."

नानांनी चष्मा काढला. अकरा वर्षांनी त्यांनी माझ्याकडे पुन्हा तसंच पाहिलं.

"दहा मिनिटं सांगेल व्हतं रे तुले मी."

मला तोंड वर करता येईना. काकू चहा घेऊन आल्या, तो आम्ही प्यालो. मग नानांनी माझा शाफ्ट पिवळ्या फडक्यात गुंडाळला आणि माझ्या हातात दिला. "घेऊन जा. माझा मला पुरे."

फाटकाशी पोचलो आणि मागे वळून पाहिलं. दार उघडंच होतं. नाना टेबलाची कड धरून उभे होते. माझ्या शाफ्टची जागा रिकामी झाली होती. त्यांनी आपला एकटा शाफ्ट सरकवून कापडाच्या मधोमध घेतला, माझ्या शाफ्टवरून उतरलेलं फूल उचललं आणि तेही त्याच्यावर ठेवलं. मग पीस दगडावर ठेवल्यावर पाहायचे तसं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.